संरक्षण आदेश मोडला गेला तर: पोलीस ठाण्यापासून कोर्टापर्यंत काय करायचं

कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली कोर्टाने संरक्षण आदेश दिलेला असतो. तरी पंधरा दिवसांनी नवरा पुन्हा दारात येऊन शिवीगाळ करतो. बाई पोलीस ठाण्यात जाते आणि सांगते, ‘साहेब, तो पुन्हा त्रास देतोय.’ ठाणे अंमलदार ते घरगुती भांडण म्हणून ऐकतो. एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून हातात देतो, नाहीतर समुपदेशनाची तारीख देतो. आदेश पर्समध्ये घडी घालून तसाच राहतो.

बहुतेक प्रकरणं इथेच, पहिल्या वाक्यात बिघडतात. ठाण्यात शिरल्यावर सांगायचं वाक्य हे: ‘कोर्टाचा संरक्षण आदेश मोडला आहे, कलम ३१ खाली गुन्हा नोंदवायचा आहे.’ मारहाण, शिवीगाळ, धमकी हे सगळं त्यानंतर. आदेशाचा भंग हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्यासाठी अंगावर वळ असावे लागत नाहीत. येऊ नकोस असं आदेशात लिहिलेलं असताना तो नुसता आला, तरी गुन्हा पूर्ण होतो.

कायद्यात काय आहे

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. कलम १८ खाली मिळतो तो संरक्षण आदेश. तो मोडला तर कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अंतिम निकाल लागायचा असेल आणि हातात फक्त अंतरिम आदेश असेल, तरी तोच नियम. ‘अजून फायनल ऑर्डर कुठे झालीय’ हे उत्तर कुणी दिलं तर ते चुकीचं आहे, कारण अंतरिम आदेशाचा उल्लेख कलम ३१ मध्येच आहे.

कलम ३२ म्हणतं की हा गुन्हा दखलपात्र (पोलीस थेट गुन्हा नोंदवून तपास करू शकतात) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही, कोर्ट ठरवतं) आहे. ठाण्यात गाडी अडते ती इथे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) पहिल्या अनुसूचीप्रमाणे इतर कायद्यांतले तीन वर्षांहून कमी शिक्षेचे गुन्हे सर्वसाधारणपणे अदखलपात्र धरले जातात. अंमलदार शिक्षेचा आकडा बघतो, एक वर्ष, आणि एनसी करून मोकळा होतो. त्यामागे दरवेळी वाईट हेतू असतो असं नाही, हा कायदा रोज हाताखालून जात नाही इतकंच. पण या विशेष कायद्यात वेगळी तरतूद असल्यामुळे इथे ती अनुसूची चालत नाही. कलम ३१ आणि ३२ चं पान झेरॉक्स करून सोबत न्या आणि कलम ३२ वर पेनाने खूण करा. तोंडी वादापेक्षा छापील पान लवकर काम करतं.

आदेशाची प्रत आधी नीट वाचा

आदेशाच्या शेवटी क्रमांक घातलेले परिच्छेद असतात. खरा आदेश तेवढाच. अनेकदा तो इंग्रजीत असतो. वकिलाकडून प्रत्येक परिच्छेदाचा मराठी अर्थ समासात लिहून घ्या. कलम १८ खाली कोर्ट साधारण या गोष्टींना मनाई करू शकतं: हिंसा करणं किंवा तिला मदत करणं, कामाच्या ठिकाणी किंवा मुलाच्या शाळेत येणं, फोन, मेसेज, पत्र अशा कोणत्याही मार्गाने संपर्क करणं, बँक खातं किंवा लॉकर परस्पर वापरणं, स्त्रीधन विकणं, आणि तिला मदत करणाऱ्या नातेवाइकांना त्रास देणं. प्रत्येक आदेशात यातलं सगळं असेलच असं नाही. तुमच्या आदेशात जे लिहिलंय तेच मोडता येतं.

त्यामुळे घटना आणि आदेशातला परिच्छेद यांची जोडी लावायला शिका. घरी येण्याची मनाई आहे, पण फोनबद्दल एक शब्द नाही, आणि त्याने रोज वीस फोन केले, तर त्याचा वकील विचारेल की हा भंग कुठल्या परिच्छेदाचा? अशा वेळी ते फोन ‘कौटुंबिक हिंसाचार करू नये’ या सर्वसाधारण परिच्छेदाखाली मानसिक छळ म्हणून मांडावे लागतात. ते जमतं, पण जास्त पुरावा लागतो. म्हणूनच असा पहिला प्रसंग घडताच कलम २५ खाली अर्ज करून आदेशात दुरुस्ती मागावी: फोन, व्हॉट्सअ‍ॅप, समाजमाध्यमं, दुसऱ्या माणसामार्फत निरोप, हे सगळं शब्दांत आलं पाहिजे.

कलम २४ प्रमाणे आदेशाची प्रत पक्षकारांना मोफत मिळते, आणि कोर्टाने ती हद्दीच्या पोलीस ठाण्यालाही पाठवायची असते. ती पोचली का, हे आदेशानंतर आठवड्याभरात स्वतः जाऊन विचारा. पोचली नसेल तर प्रमाणित प्रत अर्जासोबत द्या आणि तुमच्या प्रतीवर पोच घ्या: शिक्का, सही, तारीख. एक प्रत घरी, एक माहेरी किंवा विश्वासू शेजाऱ्याकडे, एक ऑफिसात, आणि मुलाच्या शाळेचा उल्लेख असेल तर एक शाळेत. फोटो मोबाईलमध्ये असू द्या.

आणखी एक कागद नंतर सोन्यासारखा ठरतो: आदेश त्याला बजावला गेल्याची नोंद. बेलिफाचा किंवा पोलिसांचा अहवाल, किंवा तो अथवा त्याचा वकील कोर्टात हजर असताना आदेश झाला असं दाखवणारा रोजनामा (कोर्टाच्या त्या दिवशीच्या कामकाजाची नोंद). ‘मला आदेश माहीतच नव्हता’ हा त्याचा पहिला बचाव असतो आणि एकतर्फी आदेशात तो टिकूही शकतो. रोजनाम्याची नक्कल काढून ठेवा.

घटना घडते त्या वेळी

आधी जीव. दार उघडू नका, ११२ ला फोन लावा आणि तिथेही तेच वाक्य सांगा: ‘कोर्टाचा मनाई आदेश आहे, तो माणूस आत्ता दारात आहे.’ पत्ता, मजला, जवळची खूण. १८१ ही महिला हेल्पलाइन आधार आणि माहितीसाठी आहे. माणूस दारात असताना ११२. पोलीस येऊन त्याला समज देऊन गेले तरी प्रकरण तिथे संपवू नका, त्याच दिवशी लेखी फिर्याद द्या. ११२ च्या फोनची नोंद राहते आणि पुढे वेळ सिद्ध करायला ती कामी येते.

मार लागला असेल तर आधी दवाखाना. सरकारी असला तर उत्तम. डॉक्टरला ‘पडले’ असं सांगू नका. कुणी मारलं, कशाने, किती वाजता, हे केसपेपरवर आलं पाहिजे आणि एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) करायला सांगा. या कायद्याच्या कलम ७ प्रमाणे तुम्ही किंवा तुमच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने (या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याने) मागणी केल्यावर दवाखान्याला उपचार द्यावेच लागतात. वळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त गडद दिसतात, म्हणून त्या दिवशी आणि नंतर दोन दिवस, चेहरा आणि जखम दोन्ही दिसतील असे फोटो काढा.

पुरावा: मोबाईलपासून सुरुवात

मेसेज डिलीट करू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी सगळं साठवून घ्या. स्क्रीनशॉटमध्ये नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे, कातरलेला स्क्रीनशॉट उलटतपासणीत अंगाशी येतो. व्हॉट्सअ‍ॅपची पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून ईमेलवर ठेवा. रेकॉर्डिंग दुसऱ्याला फॉरवर्ड करून मूळ फाईल पुसून टाकणं ही फार नेहमीची चूक आहे. मूळ फाईल मूळ फोनमध्येच राहू द्या.

भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्याचे आता दोन भाग आहेत: एक तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. मूळ फोनच कोर्टात हजर केला तर प्रमाणपत्राची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या जालन्याच्या निवडणूक प्रकरणात, तेव्हाच्या पुरावा कायद्याखाली, स्पष्ट केलं होतं. म्हणून केस चालू आहे तोवर तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. हँग होत असला तरी कपाटात ठेवा.

सीसीटीव्हीचं चित्रण अनेक सोसायट्यांत पंधरा-वीस दिवसांत आपोआप पुसलं जातं. घटनेच्या दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरीला लेखी पत्र द्या: अमुक तारीख, अमुक ते अमुक वेळ, फुटेज जपून ठेवावं. सेक्रेटरी फुटेज द्यायला कचरले तरी हरकत नाही. पत्राची प्रत तपासी अंमलदाराला द्या आणि पंचनामा करून ते ताब्यात घ्यायला सांगा.

काहीच पुरावा नसेल तर? कलम ३२ च्या दुसऱ्या पोटकलमाप्रमाणे एकट्या पीडित महिलेच्या साक्षीवरूनही कोर्ट भंग झाल्याचा निष्कर्ष काढू शकतं. मात्र ती साक्ष सुसंगत हवी. फिर्यादीत सात वाजता आणि कोर्टात नऊ वाजता, असं झालं की ताकद जाते. एक साधी वही ठेवा आणि प्रत्येक घटना त्याच रात्री तारीख-वेळेसह लिहा.

फिर्याद कशी लिहायची

तोंडी सांगितलेलं लिहून घेणं पोलिसांचं काम आहे, तरी स्वतः लिहून नेलेला अर्ज बरा. पानभर पुरतो. लग्न कधी झालं, हुंडा काय मागितला, सासू काय म्हणाली, हा इतिहास मूळ केसमध्ये आहे, तो इथे ओतला की आजची घटना बुडते. मजकूर साधारण असा असावा (सामनेवाला म्हणजे ज्याच्याविरुद्ध आदेश आहे तो):

‘मा. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी यांनी अर्ज क्र. … मध्ये दि. … रोजी दिलेल्या आदेशातील परिच्छेद २ प्रमाणे सामनेवाल्यास माझ्या राहत्या घरी येण्यास मनाई आहे. सदर आदेश त्यास दि. … रोजी बजावला आहे. आज दि. … रोजी सायंकाळी सुमारे ७.४० वाजता तो माझ्या दाराशी आला, सुमारे दहा मिनिटे दार वाजवत राहिला व “केस मागे घे, नाहीतर बघून घेईन” असे ओरडला. शेजारच्या घरातील महिलेने हे पाहिले व ऐकले आहे. माझ्या मोबाईलमध्ये चित्रीकरण आहे. सदर कृती ही आदेशाचा भंग असून अधिनियमाच्या कलम ३१ खाली गुन्हा आहे व तो कलम ३२ प्रमाणे दखलपात्र व अजामीनपात्र आहे. गुन्हा नोंदवावा ही विनंती.’

धमकीचे शब्द जसेच्या तसे लिहा, शिवी असली तरी. ‘अश्लील शिवीगाळ केली’ एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. मारहाण, पाठलाग, घरात घुसणं असं काही असेल तर भारतीय न्याय संहितेची कलमं सोबत लागली पाहिजेत: दुखापतीला ११५(२), पाठलागाला ७८, धमकीला ३५१, आणि पती किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेल्या क्रूरतेला ८५, म्हणजे पूर्वीचं ४९८-अ. सही करण्याआधी गुन्ह्याचा कागद वाचून घ्या आणि त्यात कलम ३१ आहे का ते बोट ठेवून पाहा. नुसतं ३५१ लावून कलम ३१ राहून जातं, असं फार वेळा होतं. प्रथम खबरी अहवालाची (एफआयआरची) प्रत तुम्हाला मोफत मिळते.

घटना दुसऱ्या हद्दीत घडली असेल तरी कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. तक्रार ऑनलाइन पाठवली तर तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन सही करावी लागते, नाहीतर ती नोंदली जात नाही. आणि साक्षीदार म्हणून जबाबासाठी महिलेला ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब तिच्या राहत्या ठिकाणी घ्यायचा असतो.

ठाण्यातून परत पाठवलं तर

‘कौटुंबिक बाब आहे, आधी चौकशी करू,’ असं उत्तर मिळेल. ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कौटुंबिक वादांत प्राथमिक चौकशीला वाव ठेवला आहे, हे खरं. पण ती चौकशी दखलपात्र गुन्हा दिसतो का, एवढ्यापुरतीच असते. आदेशाची प्रमाणित प्रत आणि तो मोडल्याची माहिती समोर असताना चौकशीला फारसं काही उरत नाही. शांतपणे एवढं सांगा आणि अर्जावर पोच मागा. पोच दिली नाही तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना, शहरात पोलीस उपायुक्तांना, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) मध्ये हीच पायरी आहे. त्यानंतर प्रतिज्ञापत्रासह कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडून तपासाचे आदेश मागता येतात. अधीक्षकांची पायरी गाळली तर हा अर्ज तिथेच अडकतो.

पण याहून जवळचा एक रस्ता आहे आणि तो फार कमी जणींना सांगितला जातो. याच कायद्याच्या २००६ च्या नियमांतला नियम १५ सांगतो की भंगाची तक्रार संरक्षण अधिकाऱ्याकडे, पोलिसांकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येते. संरक्षण अधिकाऱ्याला सही केलेला लेखी अर्ज दिला की त्याने तो आदेशाच्या प्रतीसह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचा असतो. भंगानंतर तुम्ही मदत मागितली तर स्थानिक पोलिसांना घेऊन तुमची तात्काळ सुटका करणं आणि तक्रार नोंदवायला मदत करणं हेही त्याचं काम आहे. संरक्षण अधिकारी महिला व बालविकास विभागाच्या अखत्यारीत असतो, जिल्हा कार्यालयात तुमच्या तालुक्याचा अधिकारी कोण ते कळतं. कोर्टाने सोपवलेलं काम त्याने पुरेशा कारणाशिवाय टाळलं तर कलम ३३ खाली त्यालाही एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, मात्र खटल्यासाठी राज्य सरकारची पूर्वपरवानगी लागते.

थेट कोर्टात खासगी तक्रार केली तर एक अडचण लक्षात घ्या: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ प्रमाणे दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. त्यात तारखा जातात. म्हणून धोका ताजा असेल तर पोलिसांचा मार्ग सोडू नका. सोबतच मूळ केसमध्ये कलम १९ खाली अर्ज टाका: आदेशाच्या अंमलबजावणीला आणि संरक्षणाला पोलीस मदत, आणि पुन्हा हिंसा न करण्याबद्दल त्याच्याकडून बंधपत्र (लेखी हमी).

अटक होईलच असं नाही

अजामीनपात्र म्हणजे लगेच कोठडी, हा समज मोडतो तेव्हा बाई खचते. सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांना अटकेची कारणं लेखी द्यावी लागतात, नाहीतर हजर राहण्याची नोटीस द्यायची, हे अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ मध्ये ठरलं आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे. त्याच कलमात अटकेची कारणंही दिली आहेत: पुन्हा गुन्हा होऊ नये, साक्षीदाराला धमकावलं जाऊ नये. म्हणून तपासी अंमलदाराला वेगळा अर्ज द्या. आधीच्या भंगांच्या तारखा, आधीच्या एनसीचे क्रमांक, दिलेल्या धमक्या त्यात ओळीने मांडा. हा अर्ज फाईलला असला की नोटीस देऊन मोकळं होणं अवघड जातं.

जामिनाच्या वेळी सहायक सरकारी अभियोक्त्यांना (सरकारी वकिलांना) आधीच भेटून अटी मागा. नियम १५ मध्येच त्या दिल्या आहेत: संपर्क करायचा नाही, तुमच्या घरापासून आणि तुम्ही जाता त्या ठिकाणांपासून दूर राहायचं, हत्यार बाळगायचं नाही, दारू प्यायची नाही. अट मोडली की जामीन रद्द करण्याचा अर्ज करता येतो. तपास कुठवर आला हे पोलिसांनी तुम्हाला ९० दिवसांच्या आत कळवायचं असतं.

खटला शक्यतो आदेश देणाऱ्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढेच चालतो. तो संक्षिप्त पद्धतीने चालला तर लवकर संपतो, पण त्यात तीन महिन्यांपेक्षा जास्त कैद देता येत नाही. भंग वारंवार आणि गंभीर असतील तर नियमित खटल्याची मागणी करायची का, हे वकिलाशी सुरुवातीलाच बोला.

पोटगी थकवली, घरात घेतलं नाही

इथे गोंधळ नको. पोटगी न देणं हा कलम ३१ खालचा गुन्हा होतो का, यावर उच्च न्यायालयांची मतं वेगवेगळी आहेत. केरळ उच्च न्यायालयाने तर २०२२ मध्ये कलम ३१ फक्त कलम १८ च्या आदेशापुरतंच आहे असं म्हटलं. पैशासाठी वसुलीचा अर्ज हाच खात्रीचा मार्ग: थकबाकीचं वॉरंट, आणि तरीही न भरल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद. हप्ता देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज हवा. नोकरदार असेल तर कलम २०(६) खाली थेट त्याच्या मालकाला पगारातून रक्कम भरायला सांगता येतं. घरात घेतलं नाही तर पोलीस मदतीने प्रवेशाचा अर्ज करा. आदेशाच्या अंमलबजावणीला सामनेवाल्याने किंवा त्याच्या वतीने कुणी अडथळा आणला, तर नियम १५(७) प्रमाणे तो संरक्षण आदेशाचा भंग मानला जातो. सासू, नणंद किंवा जाऊही सामनेवाली असू शकते, कारण सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हिरल हरसोरा या मुंबईच्या प्रकरणात ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द कायद्यातून काढून टाकले.

मुदत, तडजोड, अपील

कलम ३१ च्या गुन्ह्याला एक वर्षाची मुदत आहे. मूळ अर्जाला ती लागू नाही, पण भंगाच्या तक्रारीला आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ‘कामाच्ची विरुद्ध लक्ष्मी नारायणन’ या प्रकरणात सांगितलं. एक वर्ष प्रत्येक भंगाच्या तारखेपासून मोजायचं. ‘सणवार होऊ दे, मग बघू’ म्हणत तक्रार कुजवू नका.

वडीलधारी मंडळी बसली, त्याने माफी मागितली, तो परत राहायला आला. आदेश आपोआप जात नाही. तुम्ही तो रद्द करण्याचा अर्ज करेपर्यंत तो लागू राहतो. पण अशा काळात तुम्हीच बोलावल्याचे मेसेज पुढे बचावाला मिळतात. मुलांसाठी बोलावं लागत असेल तर ते वकिलामार्फत करा किंवा आदेशात तशी सोय करून घ्या. त्याने सत्र न्यायालयात अपील केलं असं सांगितलं तर स्थगितीची प्रत मागा. नुसत्या अपिलाने आदेश थांबत नाही.

माहेरी लातूरला आलात किंवा नोकरीसाठी पणजीला गेलात तरी आदेश कलम २७ प्रमाणे भारतभर चालतो. नव्या हद्दीच्या ठाण्यात प्रमाणित प्रत देऊन पोच घ्या. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो. महिलेसाठी त्याला उत्पन्नाची अट नाही. कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असतं, हेल्पलाइन १५१००. जाताना आदेशाची प्रत, बजावणीचा कागद, फिर्यादीची पोच आणि ती तारखांची वही सोबत न्या.